जास्तीचा काळा चौकोन

मंगळवार, मेचा दुसरा आठवडा, दुपारचे तीन. कर्जत स्टेशनाजवळच्या एका साप्ताहिकाची कचेरी, पहिला मजला. पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता.

जन्मभर बातमीदारी केलेला धनेश त्या दुपारी शब्दकोडं रचत बसला होता आणि त्याचं डोकं तव्यासारखं तापलं होतं. खालापूरच्या बाजूच्या एका गावातला हिरू शिमग्याच्या दुसऱ्या दिवसापासून बेपत्ता होता. बंगल्यांच्या प्रकल्पाला भाताचं खाचर न विकणारा तो शेवटचा शेतकरी. धनेशने बातमी लिहिली. मालकांनी ती बाजूला सारली. "गेला असेल कुठं तरी. तुम्ही भातशेतीवर एक छानसं कोडं द्या. लोकांना विरंगुळा हवा."

विरंगुळा! धनेशने दातओठ खाल्ले. बातमी छापत नाही ना, मग गावच छापतो! गावामागच्या डोंगरावरून त्याने फोटो काढला होता. खाली बांधांनी आखलेली खाचरं, आणि पेरणीआधी जमिनीवर शेण-पाला जाळून जिथे जिथे राब भाजला होता तिथे काळे ठिक्कर चौकोन. डोळ्यांसमोर शब्दकोडंच पसरलेलं. त्याने ते जसंच्या तसं कागदावर उतरवलं. हिरूचं खाचर तेवढं पांढरं राहिलं. माणूसच नाही, तर राब भाजणार कोण?

पान लावणारी विनिता कोडी तपासायचीही, आणि कुणाची भीड ठेवायची नाही.

"सर, विषय भातशेती आणि आडवा पाच 'टेबल'? भात टेबलावर वाढतात म्हणून का?"

"अक्षरं जुळेनात गं. पुढे बोल."

"एक काळा चौकोन जास्त आहे. 'मळणी' मधोमध तुटते."

"मी दिलेला नाही."

"कागदावर नाहीच. स्क्रीनवर आहे."

तिने तो पुसला. तो परत आला. पान छापून काढलं, तर कागदावरही काळाच. धनेशने आधी विनिताला झापलं, मग कॉम्प्युटरला, मग खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मालकांना. मग त्याने सहज फोटो शेजारी ठेवून बघितला. ती जागा हिरूच्या खाचराची होती. बंद खिडक्यांच्या त्या खोलीत जळक्या शेणाचा वास हळूहळू भरू लागला होता.

त्याने हिरूच्या बायकोला फोन लावला. "बायजाताई, खालच्या खाचरात राब भाजलात का?"

पलीकडून दबका आवाज, "नाय, दादा... धनी घरात नाय तर कोन भाजंल? पन वास येतोय... सकाळधरनं."

"जाऊन बघितलंत?"

"भ्या वाटतं, दादा... धुरात कोनतरी खोकतंय. त्यांच्यासारखं..."

धनेश मोटारसायकलवरून पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. एकही कुत्रं भुंकत नव्हतं. खाचर कडेपासून कडेपर्यंत भाजलेलं होतं, आणि बांधावरची वाळकी काडीसुद्धा करपली नव्हती. त्याने राखेत हात घातला. चटका बसला. बायजा तोंडाला पदर लावून बांधावर उभी होती.

"कडंची माती बगा," ती पुटपुटली. "अशी तेच दाबायचे... टाचंनं."

धनेश पोलीस ठाण्यात ठाण मांडून बसला. ओरडला, भांडला. शेवटी खाचर खणायला लावलंच. हिरू तिथेच होता. वर जमीन भाजून निघाली होती, पण त्याच्या सदऱ्यावरचा शिमग्याचा रंगही उडाला नव्हता. प्रकल्पाच्या ठेकेदाराची दोन माणसं पकडली गेली. बातमी पहिल्या पानावर आली. राब कोणी भाजला, असं धनेशने विचारलं तेव्हा साहेबांनी चहा मागवला.

"कोडं मात्र चालू ठेवा," मालक म्हणाले. "लोकांना आवडलंय."

पुढच्या आठवड्यात विषय मसाल्यांचा. चौकट तीच. या खेपेला विनिताने एकही टोमणा मारला नाही. छापलेलं पान तिने गुपचूप समोर ठेवलं. दोन नवे काळे चौकोन, एकमेकांना चिकटून.

धनेश तडक डोंगरावर चढला. खाली प्रकल्पाच्या कुंपणाआड, पाणी घालून जोपासलेल्या हिरवळीत, दोन काळे तुकडे धुमसत होते. ती खाचरं केव्हाच विकली गेली होती. गावातलं आणखी कोणी बेपत्ता नाही, हे त्याने घरोघर विचारून घेतलं. मग त्या दोन जागांखाली कोण आहे? त्याने ठाण्याला विचारलं, प्रकल्पवाल्यांना विचारलं, मालकांनाही विचारलं. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.