चित्र नसलेली क्लिप

विश्वास ठेवायचा तर ठेवा. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. माझ्या डाव्या खांद्यात अजून सळई आहे.

मे २००७. मंगळवार. दुपारचे दोन. महाडच्या बाजारात माझी लग्नाच्या कॅसेटी एडिट करायची खोली होती.

पोलादपूरच्या वरच्या वाडीतली सुरेखा आली. सोबत नवरा, रावजी. तिचा भाऊ मालोजी वर्षापूर्वी कशेडी घाटात दरीत पडून गेला होता. वर्षश्राद्धाला त्याची एक सीडी हवी होती.

"राहीलभाई, असंल नसंल ते समदं आणलंय."

तिच्या लग्नाची जुनी व्हीएचएस. जत्रेची मिनी डीव्ही टेप. मालोजीच्या मोबाईलचं मेमरी कार्ड.

तिन्हींचे फॉरमॅट वेगळे. कॅसेट, टेप कॉम्प्युटरवर घेतली. मोबाईलच्या थ्रीजीपी क्लिपा बदलून घेतल्या.

एक क्लिप मात्र अडली. चित्र काळं. फक्त आवाज.

वारा...

मग... ठक्.

ओल्या पोत्यावर दगड घालावा तसा.

ठक्.

"दाजी... नको..."

सुरेखाने नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमी तर बोललाव, मालू एकटाच व्हता."

"बंद कर ते," रावजी मला म्हणाला.

"चित्र दिसंल असं करा, राहीलभाई," सुरेखा म्हणाली.

चित्र उलगडणारं छोटं सॉफ्टवेअर, कोडेक, माझ्या कॉम्प्युटरवर नव्हतं. मी ते टाकून घेतलं. क्लिप पुन्हा लावली.

आभाळ दिसलं. फोन जमिनीवर पडलेला असावा. आभाळाच्या मधोमध रावजी. दोन्ही हातांत दगड. तोंडावर रक्ताचे शिंतोडे.

मी स्टॉप दाबलं. चित्र थांबलं.

आवाज थांबला नाही.

घाबरून लग्नाची कॅसेट लावली. सनई नाही... ठक्. जत्रेची टेप लावली. ढोल नाही... ठक्.

रावजीने कोपऱ्यातला लोखंडी ट्रायपॉड उचलला. मॉनिटर फोडला. दुसरा घाव माझ्या खांद्यावर. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. तिसरा घाव डोक्यावर घालायला त्याने हात वर नेला...

लाईट गेली. लोडशेडिंग. युपीएस केव्हाचा मेलेला. पंखा थांबला.

बंद स्पीकरमधून... ठक्.

रावजीचा वर गेलेला हात कोपरातून उलटा वळला.

त्याच्याजवळ कोणीच नव्हतं. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. मी सगळं पाहिलं.

ठक्. जबडा एका बाजूला सरकला.

ठक्. गुडघा आत गेला. तो पडला. दात फरशीवर सांडले. डोकं आपोआप मागे ओढलं गेलं... वरून घाव बसायला हवा तसं.

"मालू!" सुरेखा किंचाळली. "पुरे रे! पुरे!"

शांत झालं.

रावजी वाचला. पण जबड्यातून शब्द फुटत नाही. पोलिसांना मी क्लिपबद्दल सांगितलं. त्यांच्यासमोर कार्ड लावलं. फाईल होती... शून्य केबीची. चार कॉम्प्युटरवर लावून पाहिली. शून्य. सुरेखाने जबाबात सांगितलं, माझी आणि रावजीची मारामारी झाली. प्रकरण मिटलं.

मी ती खोली सोडली. आता कपड्यांचं दुकान आहे.

गेल्या वर्षी सुरेखा दुकानात आली. लुगडं पाहता पाहता हळूच म्हणाली, "त्येला चमच्यानं पेज भरवते. रोज. वर टक लावून बघत ऱ्हातो नुसता."

मग थांबली.

"राहीलभाई, मी पुरे बोलले... चुकलं का वो माजं?"

मी लुगड्याची घडी घालायला लागलो. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.

आजही मी दुकानात एकटा असलो की, ती तशीच उभी आहे असं वाटतं.