सही राहिलेला डाव

बसा पोट्टेहो. घड्याळं बंद करा, आज अजून डाव नको. आपल्या गजेंद्रसोबत झालं ते सांगतो. त्यानं मले जसं सांगितलं तसंच.

१६ डिसेंबर २०२३, शनिवार. वर्ध्याले बुद्धिबळाच्या जिल्हा निवडीचा शेवटचा डाव होता. एकीकडे गजेंद्र, दुसरीकडे सिंदीचे मधुकरराव. मधुकरराव तीस वर्षं खेळून राह्यले होते, पण राज्य स्पर्धेले एकदाही जाणं झालं नाई. जो जिंकन तो जाणार. पंच मी.

ऐन मोक्यावर गजेंद्रनं हत्तीले हात लावला. चालवला असता तं वजीर जात होता. त्यानं गुपचूप घोडा चालवला.

"हात लावला तेच मोहरं चालवा लागते," मधुकरराव म्हणाले.

"लागलाच नाई," गजेंद्र म्हणे.

साक्षीदार कोणीच नाई. मी पोराचं ऐकलं. चुकलंच माझं. मधुकरराव हरले, अन् निकालाच्या कागदावर सही न करताच निघून गेले.

सही तं लागतेच. मंग संध्याकाळी मीच गजेंद्रले गाडीवर सिंदीले पाठवलं.

साडेनऊले पोचला. दार लोटलेलं. आत मधुकरराव एकटेच बसले होते. समोर पट मांडलेला. तोच डाव, घोडा चालायच्या आधीचा.

"ये बाबू. हात लागला होता ना? हो म्हण, सही करून देतो."

"नाई लागला, काका."

"नक्की?"

"...नाई."

मधुकररावांची पापणी हलत नव्हती.

"मंग आता लाव."

त्यानं उजव्या हाताच्या तीन बोटायनं हत्ती धरला. उचलेना. सोडाले गेला...

सुटेना.

लाइट गेली.



बाहेर गाडीचा उजेड पडला, तवा हात सुटला. तो दाराकडे पळाला. ॲम्ब्युलन्समधून मधुकररावांच्या पत्नी प्रमिलाबाई उतरत होत्या, नवऱ्याले घेऊन. चादरीखाली. परतीच्या बसमध्येच छातीत कळ आलती. आठ वाजता दवाखान्यात जीव गेला.

गजेंद्रनं मागं पाह्यलं. खोलीत पट नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोक्षधामात त्यानं सगळ्यायसमोर कबूल केलं, निवडीतून नाव मागं घेतलं. लय रडला. पण ज्यानं ऐकाले पायजे होतं, तो लाकडावर होता.

तवापासून तो डाव्या हातानं खेळते. यंदाच्या मे महिन्यात, वर्धा भट्टीवानी तापलं होतं, मी त्याचा उजवा हात हातात घेतला. अंगठा अन् बाजूची दोन बोटं बर्फ. डॉक्टर म्हणते, रक्त बराबर फिरून राह्यलं.

बाकीची दोन बोटं गरम होती.