चाळीस वॅट

काराकोल शहरातल्या त्या चार मजली इमारतीत सागिनबेक आके टीव्ही रिमोटने कधी बंद करत नसत. ते उठत, भिंतीपाशी जात आणि प्लग उपटून ठेवत. छत्तीस वर्षं वीजमंडळात मीटर तपासनीस होते; आता निवृत्त होऊन त्यांनी जिन्यावरच्या सगळ्या घरांची तपासणी अंगावर घेतली होती.

त्या हिवाळ्यात विजेची टंचाई होती. रोज दुपारी चार ते सहा वीज जायची. वापर कमी झाला नाही तर आणखी दोन तास जाणार, असं मंडळाने कळवलं होतं. तेव्हा आकेंनी शेजाऱ्यांना जमवून सांगितलं, की यंत्रं बंद दिसतात पण पेंगत असतात आणि पेंगतानाही खातात. ते लाल ठिपके म्हणजे घरोघरी बसलेले फुकटे पाहुणे.

"आणि तुमच्या भाषणाला किती वॅट लागतात?" समोरच्या झोया मार्कोव्ना म्हणाल्या. त्यांचं सूप गरम करायचं खोळंबलं होतं.

आकेंनी पैजच लावली. शनिवारी दुपारी ते आपल्या घरातला एकूण एक प्लग काढणार, आणि जिन्यातल्या मीटरची चकती सगळ्यांसमोर ठप्प उभी राहणार.

शनिवारी निम्मा जिना जमला. आकेंनी टीव्ही, धुलाईयंत्र, फोनचे चार्जर, सगळं काढलं. फ्रिजसुद्धा. त्यांची बायको बुरुलकान हिने मांस बाल्कनीतल्या बर्फात नेऊन ठेवलं आणि, "आज पाहुण्यांबरोबर घरच्यांनाही उपाशी ठेवा," एवढंच म्हणाली.

चकती फिरत होती.

आकेंनी चष्मा पुसला. चकती सावकाश, पण अखंड फिरत होती. त्यांनी घड्याळ लावून मोजलं. सव्वा मिनिटाला एक फेरी. म्हणजे चाळीस वॅट.

"फुकटा पाहुणा बराच खादाड दिसतो," झोया मार्कोव्ना म्हणाल्या. जिन्यात हशा पिकला. आकेंचे कान लाल झाले. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या चोऱ्या पकडल्या होत्या. आता त्यांच्याच दारात चोर होता.

त्यांनी एकेका खोलीचा फ्यूज काढून पाहिला. स्वयंपाकघराचा काढला, फरक नाही. झोपायच्या खोलीचा काढला, फरक नाही. मोठ्या खोलीचा काढताच चकती थांबली. पण मोठ्या खोलीत यंत्र म्हणावं असं आता काही नव्हतंच. भिंतीवर गालिचा, खाली पेटारा आणि पेटाऱ्यावर गोधड्यांची छतापर्यंत चळत.

"फ्यूज लावा परत, आणि गोधड्या बाहेर काढा," आके म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

मग सगळ्या जिन्याने बावीस गोधड्या बाहेर आणल्या. कुणी शिंकलं, कुणी कुणाच्या माहेरची कुठली ते विचारलं. झोया मार्कोव्ना मीटरपाशी उभ्या राहून ट्रेन सोडल्यासारखं "फिरतेय, फिरतेय" म्हणत होत्या. एकविसावी बाहेर आली तरी फिरतच होती. बाविसावी उंबऱ्याबाहेर आली आणि त्या गप्प झाल्या.

ती आपांची होती. आकेंच्या आईची. आपा गेल्या पानगळीत ती शिवता शिवताच वारल्या होत्या.

आकेंनी गोधडी आत नेली. चकती फिरली. बाहेर आणली. थांबली. एका कडेला वीतभर शिवण उघडी होती. तिथून कोपरापर्यंत हात घालून त्यांनी तार शोधली. आत नुसता कापूस होता. उबदार होता.

"हात काढा," बुरुलकान हळूच म्हणाली. "आपांना आवडत नसे, कामात कुणी हात घातलेला."

शेजारी एकेक करून आपापल्या घरी गेले. झोया मार्कोव्ना जाताना एकदाही टोचून बोलल्या नाहीत, उलट आपलं सूप घ्या म्हणाल्या.

आके हट्टी होते. तपासणी तीनदा केल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नव्हती. त्यांनी गोधडी एकटीच मोठ्या खोलीत ठेवली, घराला कुलूप लावलं, किल्ली बुरुलकानच्या हातात दिली. दोघं मीटरसमोर उभी राहिली.

चकती फिरू लागली.

"चाळीसचा दिवा," आके स्वतःशीच म्हणाले. "टीव्ही पेंगताना एवढं खात नाही. एवढं तर कुणी काम करत असलं तरच..."

 

चार वाजले. जिन्यातला दिवा गेला. चकती थांबली.

आकेंना हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. कुलूप काढून दोघं आत गेली. खिडकीतून बर्फाचा करडा उजेड येत होता. गोधडी पेटाऱ्यावर होती तशीच होती.

आकेंनी उघड्या कडेत हात घालायला घेतला.

दोनच बोटं गेली.

बाकीची कड शिवलेली होती. बारीक, सरळ टाके.

शेवटच्या टाक्याशी सुई तशीच टोचून ठेवलेली होती. बुरुलकानने ती उपसली आणि उजेडाकडे धरली. दोरा नुकताच ओवलेला होता, गाठ मारायची राहिली होती.

आकेंनी दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं.

ते ओलं होतं.