आडबेटावरची रांग

मायाप्पाच्या आगी-पुराच्या कारभाराला आडबेटावर सगळे 'खातं' म्हणायचे, आणि ते थट्टेनंच. टेंभुर्णीच्या खालच्या अंगाला भीमा दोन फाट्यांनी फुटते आणि पुढे पुन्हा एक होते. मधल्या तुकड्यावर धनगर-कुणब्यांची थोडी घरं, तेच आडबेट. इथं आग लागली तर सोलापूरचा बंब येईतो राखसुद्धा गार होईल, हे मायाप्पाला पक्कं ठाऊक होतं. त्यानं ऐन उमेदीची वर्षं सोलापुरात एका गिरणीच्या बंबावर काढली होती. गावी परतताना पितळी बटणांचा खाकी कोट घेऊन आला आणि कोटाबरोबर शिस्तही घेऊन आला. देवळापुढच्या लिंबाला रुळाचा तुकडा टांगला. गुऱ्हाळातल्या दोन जुन्या काहिली पुरात माणसं आणायला डांबर फासून ठेवल्या. दर अवसेला बैलांना सुटी असते, म्हणून त्या दिवशी बायाबापड्यांना नदीपासून देवळापर्यंत रांगेत उभं करून तो घागरी फिरवायची कवायत घ्यायचा.

"नजर घागरीवर!" तो ओरडायचा. "तोंडाकडं बगायचं न्हाय. तोंडाकडं बगितलं की गप्पा, अन् गप्पा झाल्या की घागर खाली."

बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. सगळ्यांत जास्त हसायची ती त्याचीच बायको, केराबाई. पण रांगेत हात चोख तो तिचाच.

दोन वर्षांपूर्वीच्या पुरात केराबाई गेली. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती एकेक पोर उचलून काहिलीत देत होती. शेवटचं पोर दिलं आणि तिच्या पायाखालची माती सुटली. काहिलीत वल्हं धरून मायाप्पाच होता, हात लांब केला असता तर पोचला असता एवढ्यावर. त्यानं काठ न् काठ पालथा घातला, पण देह मिळाला नाही. भीमेनं बेटाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या नेलेली आहेत, असं लोक त्याला समजवायचे. पण त्याला त्याचं काय? त्याला बायको एकच होती.

त्या चैत्रात त्याची लेक सोना बाळंतपणाला आली. लग्नाला बरीच वर्षं होऊन पहिल्यांदाच तिची कूस उजवली होती. केराबाईनं हयातीत त्यासाठी एकही देव नवसायचा ठेवला नव्हता. मुलगी झाली. मायाप्पानं नात हातात घेतली आणि सवयीनं चुलीकडे वळून बघितलं. एवढी मोठी गोष्ट घडली आणि जिला सांगायची तीच नाही, हे त्याला त्या घटकेला जितकं लागलं तितकं दोन वर्षांत लागलं नव्हतं.

आग लागली ती बाजारच्या दिवशी, भर दुपारी. धडधाकट माणसं टेंभुर्णीला गेलेली. कुणाच्या तरी उकिरड्यातला निखारा वाऱ्यानं उडाला असावा. मायाप्पाच्या घराला लागून कडब्याची गंज होती, ती पेटली. तो मेंढरं सोडून धावत आला तेव्हा गंज दारावर ढासळली होती, छपराचं पाचट धुमसत होतं आणि आत सोना आणि बाळ होती. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून झरोकासुद्धा बोळे कोंबून बुजवलेला.

कुणीतरी रूळ बडवला. म्हातारी माणसं आली, बाया आल्या, आणि कवायतीत लागायची तशी रांग आपसूक लागली. नदीच्या टोकाला दरडीच्या काठावर गोजरबाई होती, सत्तरी ओलांडलेली. पाय मुरगळल्यानं बाजाराला न गेलेला ज्ञानबा ओली घोंगडी घेऊन मायाप्पाच्या शेजारी दाराशी उभा राहिला आणि जाळ झोडपू लागला. रांग तोकडी आहे हे मायाप्पाला दिसत होतं. ती दरडीपर्यंतच पुरत होती. दरड उभी, खाली पाण्यापर्यंत उतरून भरायचं कुणी? गोजरबाईच्यानं ते होणारं नव्हतं. पण विचार करायला सवड कुठली? घागर हातात आली, त्यानं दारावर रिकामी केली. लगेच दुसरी आली, तिच्यामागून तिसरी.

कवायतीत कधी आल्या नव्हत्या इतक्या झपाट्यानं घागरी येत होत्या. पाणी गार होतं. चैत्रातली भीमा म्हणजे ऊन लागून कोमट झालेलं पाणी. हे हाडापर्यंत जात होतं, डोहाच्या तळातलं असावं तसं. त्यानं एक घागर स्वतःच्या अंगावर ओतून घेतली, भिजलेलं घोंगडं डोक्यावर ओढलं आणि विझत्या ढिगातून आत घुसला.

बाहेर आला तेव्हा एका हाताला सोना होती, खोकत, धडपडत. दुसऱ्या हाती घोंगड्यात गुंडाळलेलं बाळ होतं, आणि ते टाहो फोडून रडत होतं. मायाप्पानं दोघींना सावलीला नेऊन बसवलं आणि स्वतःही टेकला. ज्ञानबानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

थोड्या वेळात छप्परही विझलं. मायाप्पा उठला आणि रांगेतल्या पहिल्या बाईला म्हणाला, "पुरं." नेम असा, की वरून आलेला शब्द जसाच्या तसा शेजाऱ्याला सांगायचा, टोकापर्यंत. पुरं, पुरं करत शब्द दरडीकडे गेला. रांग मोडली. बाया सोनाभोवती गोळा झाल्या.

गोजरबाई तेवढी जागची हलली नव्हती. ती वाकून कुणाच्या तरी हातातून घागर घ्यायची आणि बाजूला ठेवायची. पुन्हा वाकायची.

मायाप्पा तिच्यापाशी गेला. तिच्या भोवतीनं भरलेल्या घागरी दाटीनं ठेवलेल्या होत्या. रिकाम्या झालेल्या तर केव्हाच्या वर दाराशीच पडल्या होत्या, खाली परत गेल्याच नव्हत्या. या घागरी बेटावरच्या नव्हत्याच. काळ्या पडलेल्या, चेपलेल्या, गळ्याशी शेवाळ धरलेल्या.

"गोजरआत्ते, पुरं म्हनलं न्हवं?"

"मला आलं की रं सांगनं. पर मी खाली कुनाला सांगू?" गोजरबाई म्हणाली. "मला वाटलं ज्ञानबा हाय. कवायतीला त्योच असतुया न्हवं खाली. तुजा नेम म्हनून मी तोंडाकडं बगितलं न्हाय. आन् आता बगवत न्हाय."

"ज्ञानबा तर वर हाय, माज्यापाशी हुता."

"व्हय. आत्ता दिसला मला." तिनं शेजारच्या घागरीवर हात ठेवला. "ही माज्या सासूची घागर हाय, लेका. मी नवी नवरी हुते तवा घागरीसकट पुरात गेली ती."

मायाप्पानं तिला धरून बाजूला केलं आणि तिच्या जागी उभा राहिला. ऊन लख्ख होतं. दरडीच्या कडेच्या खालून एक भरलेली घागर वर आली.

त्यानं नजर घागरीवर ठेवली.

घागरीखाली दोन हात होते, कोपरापर्यंत दिसणारे. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होते तशी कातडी पांढरी, सुरकुतलेली. हिरव्या बांगड्या होत्या, त्या वाजत नव्हत्या. डाव्या मनगटावर तुळशीचं झाड गोंदलेलं, एका बाजूची फांदी अर्धीच. लहानपणी माहेरच्या जत्रेत सुई लागली तशी तिनं रडून हात ओढून घेतला होता. ती गोष्ट तिनं मायाप्पाला किती वेळा हसत सांगितली होती.

एक पाऊल पुढे टाकलं असतं तर खालचं सगळं दिसलं असतं. त्यानं टाकलं नाही.

त्यानं घागर घेतली. त्याच्या बोटांना ती बोटं लागली. त्याला वाटलं, काही बोलूच नये. आपण बोललो नाही तर ही देत राहील, आपण घेत राहू, दिवस मावळेपर्यंत, उद्यापर्यंत. पण ते हात किती गार पडले होते.

"पुरं, केरे," तो म्हणाला.

हात थांबले. गेले मात्र नाहीत. रिकामे, तळवे वर करून तिथंच राहिले.

मायाप्पानं घागर छातीशी ओढली.

"सोना बाळंत झाली. पोरगी हाय. दोगी बऱ्या हायत."

हातांची बोटं हळूच मिटली. दरडीच्या खालून तिचा आवाज आला. तोच, हसू दाबून धरलेला.

"पोरगी हाय. दोगी बऱ्या हायत."

ती त्याच्याशी बोलत नव्हती. तिनं शब्द खाली सांगितला होता.

तिच्या खालून कुणा पुरुषानं तो घेतला. "पोरगी हाय. दोगी बऱ्या हायत."

मग एका म्हातारीनं. मग एका लहान मुलानं, बोबड्या बोलात.

हात कधी गेले ते कळलं नाही. मायाप्पा घागर छातीशी धरून ऐकत राहिला. शब्द पाण्याच्या कडेला पोचला, आत उतरला, नदीच्या मध्यावर गेला आणि तिथून वळून प्रवाहाबरोबर खाली निघाला. आवाज बारीक होत चालला होता, आणि दर वेळी तो घ्यायला पुढे कुणीतरी होतंच.