सहावी लिफ्ट

"उमेदवाराने प्रश्न पुरता ऐकलाही नाही आणि उत्तर सांगून टाकलं," मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख फोनवर म्हणाल्या. "प्रश्न फुटलाय. पाचपर्यंत नाव द्या, नाहीतर नवीला काढतेय."

भिंगने फोन ठेवला. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका तिला आधी दिसायच्या, म्हणून कंपनीने तिला हे नाव बहाल केलेलं. मुलाखतीचे प्रश्नही तीच लिहायची. हा प्रश्न तिने सोमवारी लिहिला, दादांनी नेहमीसारखा तपासून दुरुस्ती सुचवली आणि मंगळवारी तो प्रश्नसंचात चढला.

नवी म्हणजे मुलाखती घेणाऱ्यांत सर्वांत धाकटी मुलगी. वड्याचं तेल वांग्यावर काढायला असं माणूस बरं पडतं. प्रश्न तिनेच फोडला असणार, असं म्हणून तिचं नाव दादांनीच पुढे केलं होतं. दादा भिंगचे वरिष्ठ. चौदा वर्षांपूर्वी तिची मुलाखत त्यांनी घेतली, काम शिकवलं. ती त्यांना मोठा भाऊच मानायची.

भिंगने मुलाखतीचं चित्रण लावलं. नवी प्रश्न वाचत होती. "इमारतीत चाळीस मजले, सहा लिफ्ट. लोकांना कमीत कमी थांबावं लागेल अशी..."

"बंद लिफ्ट बाजूला ठेवू," उमेदवार घाईने म्हणाला. "उरल्या पाच. त्या अशा वाटू."

भिंगने तेवढाच तुकडा तीनदा पाहिला आणि नवीला बोलावलं. पोरीचे डोळे सुजले होते.

"प्रश्न तुझ्या हातात कधी आला?"

"मंगळवारी दुपारी, ताई. संचातून."

"त्याआधी पाहिला होतास?"

"नाही. मला या कामावर घेतलं तेच मंगळवारी."

"त्यात लिफ्ट किती चालू होत्या?"

"सगळ्या. ताई, घरी मी एकटीच कमावते हो."

भिंग उठली आणि दादांच्या खोलीत गेली. दार तिने आतून लावून घेतलं.

"तो उमेदवार तुमचा कोण, दादा?"

"माझा कोण असणार? नवीला विचार."

"विचारलं. सोमवारच्या माझ्या कच्च्या प्रश्नात एक लिफ्ट बंद होती. 'उगाच गुंता, काढून टाक,' असं तुम्हीच म्हणालात. मी काढली आणि मगच प्रश्न संचात गेला. नवीने बंद लिफ्ट कधी पाहिलीच नाही. ती दोघांनाच माहीत होती, मला आणि तुम्हाला."

दादांनी समोरचा लॅपटॉप मिटला.

"तुम्ही कच्चा प्रश्न आधी त्याला पाठवलात, मग वाचायला बसलात. चूक दिसली की दुरुस्त करायची, हात सवयीचे. पण त्याच्याकडची प्रत तशीच राहिली."

"मेहुणीचा मुलगा आहे," दादा हळूच म्हणाले. "दोन वर्षं घरी बसलाय."

"आणि नवी?"

"तरुण आहे. मिळेल तिला दुसरीकडे."

कुंपणानेच शेत खाल्लं होतं, वर दोष शेजारच्या वासराला. भिंगला रडू आलं आणि त्याचाच राग आला.

"एवढी सोवळी होऊ नकोस," दादा म्हणाले. "तुझ्या मुलाखतीत तू अर्ध्यावर अडकली होतीस. मी 'उत्तीर्ण' लिहिलं. माझं सांगशील, तर हेही निघेल."

चौदा वर्षं त्या एका दिवसाच्या जोरावर ती इथे मान वर करून वावरली होती. या माणसाने तोही तिचा ठेवला नाही. तिने त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलला.

"नवीला काढू नका," ती प्रमुखांना म्हणाली. "प्रश्न दादांनी फोडला. पुरावा घेऊन वर येते. आणि माझ्या मुलाखतीचे जुने कागद काढून ठेवा, तेही तपासायचेत."