कंबरभर पाणी

प्रीतमला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो छातीभर पाण्यात जाळं धरून उभा होता आणि मी तलावाच्या पाळीवर हात जोडून. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभी राहिल्यापासून माझे हात आपोआप जुळायचे. एकदा तर धुक्यात एका म्हशीलाही नमस्कार करून झाला होता.

"मी टीना. वॉर्ड तीन, निशाणी शिट्टी," मी म्हणाले. "लक्ष असू द्या, भाऊ."

"हात जोडले असते, पन जाळं सुटून जाईन." तो हसला. "अन् निशानी शिट्टी? म्हनजे पोरीले पाहून शिट्टी मारली त आता प्रचार होते काय?"

"मारून त पाहा!"

"मत देतो. पन एक अट हाय… भाऊ नका म्हनू."

पत्रक त्याच्या चपलेखाली ठेवून मी निघाले. दहा पावलं गेले असेन, मागून शिट्टी ऐकू आली. मी वळले नाही. हसू मात्र आलं, आणि त्याचा मला रागच आला.

ढिवरटोल्यावर, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, साठ मतं होती आणि मासेमार सोसायटीचा सचिव म्हणून सगळा टोला प्रीतमचं ऐकायचा. मग मी तिकडे वरचेवर जाऊ लागले – मतांसाठीच, असं मी सगळ्यांना सांगायचे. त्याची आई, मंदाबाई, काळा चहा द्यायची. चौथ्या खेपेला प्रीतमनं चहा बाजूला ठेवला.

"उन्हाळी धानासाठी तुमी लोक पाळीतल्या तुडुमाचं दार उघडून तलाव पार रिकामा करता. आमची मासोळी चिखलात मरते. निवडून आल्यावर पानी ठेवाल काय? जास्त नाही, कंबरभर?"

आमची चार एकर त्याच पाण्यावर होती. 'बघू' म्हणायला मी तोंड उघडलं…

"खोटं नका बोलू," तो हळूच म्हणाला. "नाही म्हना, तरी मी मत देईन."

असं म्हटल्यावर माणसाने काय करायचं?

"ठेवीन," मी म्हणाले. "अन् आमच्या लोकाईलेही तसंच सांगीन."

आणि सांगितलं. मारुतीच्या देवळापुढच्या सभेत, सगळ्या शेतकऱ्यांसमोर. टाळी एकही वाजली नाही. घरी आल्यावर बाबांनी कपाळाला हात लावला. "सारे उमेदवार गोड बोलून राहिले, तू काहून खरं बोलून राहिली?"

मतमोजणी मोहाडीला तहसीलमध्ये झाली. टोल्याने भरभरून दिलं, आमच्या आळीने हात आखडला. मी एकवीस मतांनी पडले. फार वाईट वाटलं. बाहेर समोशाच्या ठेल्यामागे जाऊन मी रडून घेतलं. तेवढ्यात प्रीतम आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता.

"लाज नाही वाटत?" मी भडकले.

"वाटते ना. पन खुशी जास्त हाय." तो जरा घुटमळला. "तू जिंकली असती त मले तोंडच उघडता आलं नसतं, टीना. लोक म्हनले असते, तलावाच्या पान्यासाठी ढिवराच्या पोरानं मेंबर पटवली. आता तुयापाशी ना खुर्ची, ना पानी. आता… तुले मागू शकतो मी."

'तुमी'वरून तो 'तू'वर कधी आला, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी ओढणीने डोळे पुसले.

"अन् जिंकली असती त?"

"पाच वर्षं थांबलो असतो."

बस किती वाजता आहे ते सांगावं, तसं त्याने ते सांगितलं. माझं त्याच्यावर प्रेम होतं. पहिल्या शिट्टीपासूनच असावं, पण कबूल केलं ते मी तिथे, तळणीच्या वासात.

"पन ऐकून ठेव," मी बजावलं, "पुढच्या खेपेले मी पुन्हा उभी राहनार. अन् जिंकनार."

"म्हनूनच म्हनतो," प्रीतम म्हणाला, "लग्न मधातच उरकून घेऊ."