उजवीकडची जागा

मार्चच्या बर्फात शंतनू पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या डोंगरात शिरला तो सात कॅसेटींसाठी. सोनं नाही, नाणं नाही. पत्र्याच्या डब्यातला एका मेलेल्या म्हातारीचा आवाज!

म्हातारी हाकुची जमातीची होती. कॉकेशसच्या सर्केशियन लोकांमधली ही मूठभर डोंगरी माणसं. दीडशे वर्षांपूर्वी काळ्या समुद्राकाठच्या दऱ्यांतून हाकलली गेली, तुर्कस्तानात विखुरली, आणि त्यातलं एक घर फिरत फिरत न्यू जर्सीत येऊन टेकलं. त्यांच्या बोलीत घशाच्या तळातून फुटणारा एक आवाज आहे, सुकी फांदी मोडावी तसा. बाकीच्या बहुतेक सर्केशियनांच्या तोंडून तो केव्हाच गेला. स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावात राहून शंतनू चार वर्षं त्या आवाजाच्या मागं लागला होता. त्याचा प्रबंध त्यावर होता, आणि झोपही त्यानंच उडवली होती.

ही बोली बोलणारं माणूस त्याला एकच सापडलं, नाफसेत आजी. वय एकोणऐंशी. पण रेकॉर्डर पुढं केला की ती ओठ मिटून घ्यायची.

"सासू बोलत असताना सून बोलत नाही," ती म्हणायची.

सासूला जाऊन तीस वर्षं झाली होती. पण आजीच्या नवऱ्यानं आईच्या गोष्टी कॅसेटींवर भरून जंगलातल्या आपल्या खोपटात ठेवल्या होत्या. तिथं तो मधमाश्या पाळायचा. गेल्या हिवाळ्यात तोही गेला. आता खोपटाचं छप्पर वाकलं होतं, आणि बर्फ वितळला की सगळं चिखलात जाणार होतं. म्हणून वाट दाखवायला आजी स्वतः निघाली.

तिसरा कृष्णा, शंतनूचा रूममेट. पुण्याचा गडी, शंभर किलोला दोनच कमी. गाडी त्याची, म्हणून रुबाबही त्याचा. दोर मात्र तो गाडीच्या डिकीत विसरून आला होता.

चालायची शिस्त आजीनं लावून दिली. ती मध्ये, शंतनू तिच्या डावीकडं, कृष्णा मागं. उजवीकडं कोणीच नाही.

"आजी, मी येतो ना तिकडं," कृष्णा म्हणाला.

"मोठा माणूस उजवीकडून चालतो. आमची रीत आहे."

"पण तिथं कोणीच नाहीये."

"आहे की," आजी म्हणाली आणि चालू लागली.

कृष्णानं शंतनूला कोपरानं ढोसलं. "नवरा का? नाव काय रे त्यांचं?"

"त्या नाव घेत नाहीत. तुझी आजी घ्यायची का?"

"मग उखाणा घ्यायला लाव ना यार."

दुपारपर्यंत ओढ्याच्या काठानं चालून ते खोपटापाशी पोचले. रिकाम्या मधपेट्यांच्या मागं डबा सापडला. सात कॅसेटी, सातही कोरड्या. शंतनूनं डबा पिशवीत घालून पिशवी पोटाशी बांधली, लेकुरवाळी बाई पोर बांधते तशी.

आणि धुकं उतरलं.

असं धुकं की आपलाच हात आपल्याला परका वाटावा. ओढ्याचा आवाज कधी डावीकडून यायचा, कधी उजवीकडून, तर कधी थेट डोक्यावरून. बीच जातीचं एक मोडलेलं झाड लागलं. अर्ध्या तासानं पुन्हा तेच लागलं. तिसऱ्यांदा ते समोर उभं राहिलं तेव्हा कृष्णाच्या तोंडचं पाणी पळालं.

"चकवा लागलाय," तो पुटपुटला. "अमेरिकेत असतो का रे?"

शंतनू उत्तर देणार, तोच धुक्यात कोणीतरी खाकरलं. मग एक शब्द आला, हळू, पुरुषी आवाजातला. त्यात तो घशाच्या तळाचा आवाज होता, फांदी मोडल्यासारखा. शंतनू गर्रकन वळला. त्यानं खाली पाहिलं. मागं बर्फात पावलांच्या चार रांगा होत्या. चौथी आजीच्या उजवीकडून येत होती, मोठ्या बुटांची, एक पाय किंचित ओढलेला.

आजीनं त्या बाजूला तोंड करून दोन वाक्यं झाडली. नवऱ्याला उशीर झाल्यावर कुठलीही बायको बोलते, त्याच सुरात. मग म्हणाली, "ओढा सोडायचा. डोंगराच्या धारेवरून चला म्हणतात. माझ्या उजवीकडं कोणी यायचं नाही."

धार चढून ते वर आले. वाट अरुंद, पण उजवीकडं पांढरीशुभ्र, सपाट, चांगली चार हात रुंद पट्टी मोकळी पडलेली. कृष्णा दहा मिनिटं दम धरून मागं चालला. पण पुणेकराचा पिंड! मोकळी जागा दिसली की त्याची गाडी आपोआप तिच्यात घुसते. डोंगरावरसुद्धा घुसली. आजीला उजवीकडून ओलांडून तो झपझप पुढं झाला.

बर्फ 'फस्स' करून खचला. खाली जमीनच नव्हती! नुसता बर्फाचा छज्जा वाऱ्यानं कड्याबाहेर विणलेला. कृष्णा दिसेनासा झाला.

"शंतनू!" आवाज खालून आला. पंचवीस फुटांवरच्या एका कपारीत तो अडकला होता, आणि पायाखालची कपार चुरा होऊन झडत होती. फोनला रेंज नव्हती. पट्टे, मफलर, जॅकेटच्या बाह्या, सगळं बांधून अर्ध्यापर्यंतसुद्धा पोचेना.

आजीनं हात पुढं केला. "डबा."

शंतनूला कळायला क्षणभर लागला. मग त्यानं पिशवी घट्ट धरली. "आजी, हे गेलं तर काहीच उरणार नाही."

"तो उरेल."

तिनं दगडानं पहिली कॅसेट फोडली. तपकिरी फीत भसाभसा बाहेर आली. एकमेकांपासून चाळीस फुटांवर असलेल्या दोन झाडांमध्ये शंतनू फीत घेऊन पळू लागला, इकडून तिकडं, तिकडून इकडं. मग पदरांच्या टोकाला काटकी अडकवून आजी पीळ भरू लागली. एक कॅसेट झाली. तीन. पाच. सहा.

"झालं," शंतनू म्हणाला. सातवी त्यानं हळूच खिशात सरकवली होती.

आजीनं दोर ताणून पाहिला. त्याच्याकडं पाहिलं नाही. उजवीकडं पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. धुक्यात कोणीतरी उसासा टाकला.

"लवकर रे, दगड जातोय पायाखालचा," कृष्णा खालून म्हणाला. त्याच्या आवाजातला सगळा रुबाब गेला होता.

शंतनूनं खिशात हात घातला. सातवी कॅसेट त्यानं स्वतःच्या हातानं फोडली.

दोर झाडाला वेढा देऊन खाली सोडला. कृष्णानं तो काखेखालून बांधला. खेचा! दोर ताणला, करकरला, वाऱ्यात थरथरू लागला, आणि त्यातून एक सूर निघाला. म्हातारी बाई पाळण्यापाशी गुणगुणते तसा. तिघांनीही तो ऐकला. कृष्णा वर येईपर्यंत सूर थांबला नाही. तो वर येऊन पालथा पडला, आणि दोर काडकाड तुटून धुक्यात गेला.

धुकं निवळायच्या आत ते गाडीशी पोचले. आजी मागं डावीकडं बसली. हीटर लागला. शंतनू रिकाम्या डब्याकडं बघत होता.

"मशीन लाव," आजी म्हणाली.

"काय?"

"सासू बोलायची थांबली. आता माझी पाळी."

ती चार तास बोलली. सातही कॅसेटींवरच्या गोष्टी, आणि सासूनं कधीच न सांगितलेल्या आणखी दोन.

आठवड्यानं शंतनूनं ते ऐकायला घेतलं. आजी मध्येच कुठं अडखळायची, जरा थांबायची. त्या थांबण्यात, तिच्या उजवीकडून, कोणीतरी खाकरून पुढचा शब्द सुचवत होतं.

प्रबंधात शंतनूनं बोलणारी माणसं दोन असं लिहिलं. गाइडनं दुसऱ्याचं नाव विचारलं. शंतनूला ते माहीत नव्हतं, आणि आजी सांगणार नव्हती.

आणि कृष्णा? तो अजून गाडी तशीच हाणतो. पण कँपसच्या बसमध्ये खिडकीजवळची रिकामी सीट दिसली, की आधी वाकून अदबीनं विचारतो, "इथं कोणी बसलंय का?"